रात्याच्या नऊ मुड्या

आमच्या गावच्या सोसायटीचं गोदाम नोंदणीकृत झालं, त्याला आता तीन वर्षं होतील. दारावर पाटी आहे, पाटीवर नोंदणी क्रमांक आहे, आणि दाराच्या आतल्या बाजूला टेबलखुर्ची टाकून मी बसते. माझा हुद्दा गोदामपाल. गावात हा शब्द कोणी वापरत नाही, 'गोदामातली बाई' म्हणतात. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. प्रशिक्षण पनवेलला झालं होतं, परीक्षा झाली होती, प्रमाणपत्र काच लावून घेतलं होतं, आणि लोक मला बाई म्हणतात. आता राग येत नाही. त्या पहिल्याच वर्षी मी जे करून ठेवलं, त्यानंतर हुद्द्याबद्दल फार बोलावंसं वाटत नाही.

चौलच्या वाड्या संपल्या की नारळ-सुपारी मागे पडते आणि खाडीच्या अंगाला खार सुरू होतो. खार म्हणजे भरतीचं पाणी मातीच्या बांधाने अडवून केलेली भातशेती. बांध धड असेल तर शेत, नाहीतर समुद्र. माझं माहेर मुरुडचं, आमची वाडी नारळ-सुपारीची. भात मी लग्नापर्यंत पोत्यातलंच पाहिलेलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी मला बांधावर नेऊन खाली चिखलात उतरवलं आणि माती तोंडात घालायला लावली. खारट होती. "आता समाजलं कुटं आलीस ती," एवढंच म्हणाल्या.

या खारात सासूबाई राता पिकवतात. लालसर तांदळाचं जुनं भात आहे, उत्पन्न कमी, भाव त्याहून कमी. पण खाऱ्या पाण्यात उभं राहतं. बाकीच्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच संकरित बियाणं धरलं. सासूबाईंनी धरलं नाही, कारण त्यांना कोणाचं ऐकायची सवय नाही. लोक त्यांची चेष्टा करायचे. माझा नवरा उरणला बंदरात ट्रेलर चालवतो. तोही म्हणायचा, "आये, त्या रात्याच्या भाकरीशिवाय काय मिळतंय तुला?"

मग एका भाद्रपदात उधाणाने बांध फुटला. आमच्यासह पाच घरांच्या शेतात दोन दिवस खाडीचं पाणी उभं होतं. चार घरांचं संकरित भात करपून गेलं. आमचा राता पिवळा पडला, मान टाकली, आणि आठवड्याने पुन्हा उभा राहिला. जमिनीत मीठ उतरलं होतं. पुढच्या वर्षीही तिथे दुसरं काही येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. रात्याचं बी आसपास कोणाकडेच उरलं नव्हतं. होतं ते आमच्या घरात.

चारही घरची माणसं आमच्या ओटीवर येऊन बसली. चेष्टा करणारीच माणसं. सासूबाईंनी मागचं काही काढलं नाही. त्या वर्षी त्यांनी खायला भात कमी ठेवलं आणि बियाण्याच्या नऊ मुड्या बांधल्या. चार मुड्या चार घरांना, चार आमच्या खाराला, एक राखीव.

मुडी कशी असते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. भाताचा पेंढा वळून त्याचा गोल पाळणा करायचा, त्यात खडखडीत वाळवलेलं बी भरायचं, वरून पेंढा दाबत दाबत बंद करायचा आणि पेंढ्याच्याच दोरीने आवळायचा. शेवटी मुडी मोठ्या भोपळ्यासारखी टणक होते. नीट बांधलेली मुडी माळ्यावरून खाली टाकली तरी दाणा सांडत नाही. आमच्याकडची दमट हवा आत जात नाही, कीड जात नाही. मात्र एकदा बांधलेली मुडी पेरणीपर्यंत कोणी उघडत नाही. घरातलं माणूस आजारी असलं आणि तांदूळ संपला असला तरी उघडत नाहीत, शेजारून मागून आणतात.

मुड्या माळ्यावर ठेवायच्या, खाली चूल, चुलीचा धूर वर. पण घरात गॅस आला होता, चूल मागच्या पडवीत गेली होती आणि माळ्यावर उंदरांनी संसार मांडला होता. पौषात एका मुडीचं बूड कुरतडलेलं सापडलं. सासूबाई ती पुन्हा आवळत बसल्या आणि मला संधी दिसली.

त्याच सुमारास गोदामाच्या नोंदणीचं चाललं होतं. खताचं जुनं गोदाम सोसायटीने दुरुस्त करून घेतलं होतं: नवा पत्रा, सिमेंटची जमीन, जाळीच्या खिडक्या, इलेक्ट्रॉनिक काटा. नोंदणी झाली की आमची पावती बँकेत चालणार होती. शेतकऱ्याने माल कापणीच्या पडत्या भावात विकायचा नाही, इथे ठेवायचा, पावतीवर गरजेपुरतं कर्ज घ्यायचं आणि भाव चढला की विकायचा. कागदावर आणि खरोखरही ही चांगली गोष्ट होती. पण तपासनीस फाल्गुनात येणार होते आणि गोदामात माल होता जेमतेम एक थप्पी. शेतकरी नुसतं बघून जायचे. आपलं भात दुसऱ्याच्या कुलपात ठेवायचं म्हटलं की त्यांचे पाय अडायचे. सोसायटीचे सचिव मला रोज विचारायचे, "वहिनी, आज काही आलं?"

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मुड्या गोदामात ठेवा. तिथे उंदीर शिरत नाही. आणि तुम्ही ठेवलंत तर बाकीचे ठेवतील."

त्या बराच वेळ पेंढा वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "किल्ली कोनाकरं ऱ्हाते?"

"माझ्याकडे."

"मंग ठेव."

एवढ्यावर त्यांनी नऊ मुड्या दिल्या. टेम्पोतून नेल्या, मी स्वतः लाकडी फळ्यांवर मांडल्या, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, जसं शिकवलं होतं तसं. मागोमाग चार घरांनी वरच्या शेतातलं उरलंसुरलं भात आणलं, मग वाल आले, दोन थप्प्या उभ्या राहिल्या. सचिव खूश झाले. मी तर हवेतच होते.

आता माझ्या स्वभावाचं सांगते. मला रिकामा रकाना बघवत नाही. शाळेत असताना उत्तर येत नसलं तरी मी जागा कोरी सोडायची नाही. गोदामाच्या नोंदवहीत प्रत्येक मालापुढे रकाने होते: वजन, प्रत, ओलावा, कीड. पोत्यांचं सोपं होतं. एक टोकदार पोकळ नळी मिळालेली असते. ती पोत्यात खुपसली की मूठभर दाणे तिच्यात येतात. ते ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले की आकडा दिसतो. हे दर पंधरा दिवसांनी करायचं. मी सगळ्या पोत्यांचं केलं, सुबक अक्षरात लिहिलं, आणि मुड्यांच्या नऊ ओळी कोऱ्या राहिल्या. त्या मला खुपायला लागल्या. तपासनीस येतील, वही उघडतील आणि बरोबर त्याच ओळींवर बोट ठेवतील, असं मला दिसायचं.

मग मी मुडीत नळी खुपसली. पेंढा घट्ट होता, जोर लावावा लागला. दाणे आले, आकडा आला, छान कोरडा. भोकात पेंढ्याची गुंडाळी कोंबली. बाहेरून काही कळत नव्हतं. नऊच्या नऊ ओळी भरल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. नवी जागा भोसकायला नको म्हणून दर वेळी तेच भोक, ते मोठं होत गेलेलं. मुडी उघडत नाहीत हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण हे उघडणं नव्हे, नमुना घेणं आहे, असं मी स्वतःला समजावलं. मी तेव्हा फार शिकलेली होते.

फाल्गुनात तपासनीस आले. घाटावरचे, मितभाषी गृहस्थ. आग विझवायची वाळू बघितली, वायरिंग बघितलं, काट्यावर सोबत आणलेलं वजन ठेवून बघितलं, थप्प्यांमधून फिरले. मुड्यांपाशी थांबले. त्यांनी पूर्वी कुठे तरी मुडी पाहिलेली असावी, कारण हात न लावता त्यांनी विचारलं, "हे बियाणं ना?"

"हो साहेब."

"मग यांच्या ओलाव्याचे आकडे कुठून आले?"

मी अभिमानाने नळी दाखवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावर नमुना अर्जांची फाइल उघडली आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. 'ठेवीदाराने सीलबंद दिलेला माल. आतील माल तपासलेला नाही.' पनवेलला हा अर्ज आम्हाला वाटून दिला होता. मी त्यावर नाव घालून फाइलला लावला होता आणि पुढे वाचला नव्हता.

"यावर खूण केली की रकाने कोरेच ठेवायचे असतात," ते म्हणाले. "अशा पावतीवर कर्ज मिळत नाही, पण बियाण्यावर कर्ज कोण काढतंय? नियम करणाऱ्यांनी एवढा विचार केलेला असतो, ताई." मग म्हणाले, "ज्याचं आहे त्याला सांगा. अजून ऊन आहे."

त्यांनी शेऱ्यात हे लिहिलं नाही. नोंदणी मिळाली. सचिवांनी पेढे वाटले. सासूबाईंनी पेढा खाल्ला आणि शेजारणीला सांगितलं, "सूनबायनं क्येला ह्यो सगला."

मी त्या दिवशी सांगणार होते. दुसऱ्या दिवशीही सांगणार होते. रोज संध्याकाळी कुलूप लावून घरी यायचे, त्या विचारायच्या, "मुड्या बऱ्या हाईत ना गो?" आणि मी म्हणायचे, "हो आई." पहिल्यांदा हो म्हटलं तेव्हा ते नुसतं पुढे ढकलणं होतं. दहाव्या वेळेपर्यंत ते खोटं झालं होतं. बाहेरून तर मुड्या चांगल्याच दिसत होत्या. कदाचित काही झालंच नसेल, असं मी चैत्रभर धरून चालले. यंत्र मात्र मी मुड्यांजवळ पुन्हा नेलं नाही. मुड्या कोरड्या आहेत असं खरंच वाटत असतं तर मी मोजलंच असतं ना? म्हणजे मनातून मला कळलेलं होतं. वैशाखात खाडीवरून दमट वारा सुटला की जाळीच्या खिडक्यांतून तो सरळ आत यायचा. घामाने माझा हात वहीच्या पानाला चिकटायचा.

ज्येष्ठ लागता लागता सासूबाई पहिली मुडी न्यायला आल्या. खारात रोपं लावत नाहीत. बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. त्यामुळे मोड आलाच नाही तर शेतच नाही. त्यांनी मुडीवर हात फिरवला आणि त्यांचं बोट त्या गुंडाळीवर अडलं. त्यांनी ती ओढली. तिच्याबरोबर चार-पाच दाणे आले आणि दोन सोंडे किडे. त्यांनी नाकाशी धरून वास घेतला. मग एकेक करून नऊही मुड्या चाचपल्या. नऊ गुंडाळ्या निघाल्या.

घरी आणून प्रत्येक मुडीतले दाणे घेतले, मिसळले, शंभर मोजून ओल्या फडक्यात बांधले. चौथ्या दिवशी फडकं सोडलं. एकतीस मोड आले होते. बाकीचे काळवंडलेले, काही पोकळ. सासूबाईंनी मोड आलेले एका बाजूला केले आणि न आलेले दुसऱ्या बाजूला. दोन्ही ढिगांकडे बघत बसल्या.

मी सगळं सांगितलं. नळी, रकाने, तपासनीस, चौकट, सगळं. रडले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी वगैरे आणून दिलं नाही.

"सायब काय बोल्ला तुना?" त्यांनी विचारलं.

"अजून ऊन आहे म्हणाले."

"फाल्गुनात?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "त्या वक्ताला सोडल्या आस्त्या त उनात घालून पुन्ना बांदल्या आस्त्या. पाच-सा मुड्यांचा बी तरी वाचला आस्ता." मग म्हणाल्या, "नली खुपसलीस त्याचा राग न्हाय गो. तू मुरुडची, तुना काय ठाव. पन दोन म्हयने मी रोज इचारला."



हिशोब सरळ होता. जिथे एका मुडीने भागायचं तिथे आता तीन मुड्या फेकाव्या लागणार होत्या. चार घरांनाच ते बी पुरतं न पुरतं. मला वाटलं, त्या आपल्यापुरतं आधी काढतील. आमचं शेत सगळ्यात खाली, बांधाला लागून. त्यात लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष त्यांनी पेर चुकवली नव्हती. त्या म्हणाल्या, "शबूद दिलाय. नऊच्या नऊ त्यांना जातील. तूच सांगून ये, का झाला त्ये."

मी चारही घरी गेले. तीन घरी मला फारसं बोलू दिलं नाही, 'असू दे, असू दे' करून वाटेला लावलं. मला ते बरं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. चौथ्या घरच्या काकांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमाला देऊन तुमी काय पेरनार?"

"काही नाही," मी म्हटलं.

काका उठून आत गेले. आतून त्यांच्या बायकोला म्हणाले ते मला ऐकू आलं, "आपून हसायचो तिला."

त्या पावसाळ्यात चार शेतांत राता विरळ उगवला. सासूबाई स्वतः जाऊन कुठे दाट कुठे रिकामं ते बघून रोपं उपटून हलवायच्या, दुसऱ्यांच्या चिखलात, साठीच्या पुढच्या वयात. मी गोदामाला सुट्टी असेल तेव्हा त्यांच्यासोबत उतरायचे. आमचं शेत मोकळं होतं. पाणी ओसरलं की त्यावर मिठाची पांढरी साय धरायची आणि खेकडे बिळं करायचे. तरी उधाणाच्या आधी त्या आमच्या बांधावर जाऊन चिखलाची ढेकळं थापायच्याच. आत वाचवायला काही नाही, मग कशाला, असं नवऱ्याने एकदा विचारलं. त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो मुकाट्याने फावडं घेऊन उतरला.

कार्तिकात पीक आलं. फार नाही, पण चारही घरांनी सगळ्यात आधी बियाण्याचं भात बाजूला काढलं. काकांनी स्वतः डोक्यावरून आणून आमच्या ओटीवर ओतलं. सासूबाईंनी ते आठ दिवस ऊन दाखवून वाळवलं, दाताखाली घालून कटकन वाजतं का बघितलं आणि मला पेंढा घेऊन बसवलं. माझी पहिली मुडी माळ्यावरून टाकली तर फुटली. दुसरीही. सगळे दाणे वेचून पुन्हा भरायचे. चौथी टिकली. त्यांनी ती उचलली, कानाशी हलवली आणि बाजूला ठेवली. शाबासकी वगैरे काही नाही. त्या वर्षी सहा मुड्या झाल्या.

मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, "गोदामात ने. घरात उंदीर हाईत."

मी अर्ज भरला. चौकटीवर खूण केली, खालचे रकाने कोरे ठेवले आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सही केली. पुढच्या ज्येष्ठात फडक्यातल्या जवळजवळ सगळ्या दाण्यांना मोड आले आणि आमचं शेत पुन्हा पेरलं गेलं. आता इतर गावांतूनही लोक रात्याचं बी मागायला येतात. गोदामात एक कोपरा फक्त मुड्यांचा आहे. तपासनीस आले की लांबूनच बघून पुढे जातात.

फक्त एक बदललं आहे. संध्याकाळी घरी आले की सासूबाई आता मला मुड्यांबद्दल विचारत नाहीत. चहा देतात, पायाच्या दुखण्याचं सांगतात, नवऱ्याची तक्रार करतात, जेवताना माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा घालतात. आणि दर सोमवारी, सकाळी, बाजाराची पिशवी घेऊन गोदामावर येतात. मी किल्ली काढून देते. त्या आत जातात आणि प्रत्येक मुडीवरून, सगळ्या बाजूंनी, सावकाश हात फिरवतात. मी तेवढा वेळ बाहेर उभी राहते.